मुरगळलेले पाऊल

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असेल. घोट्याच्या लचकेला ती जितकी तंतोतंत लागू पडते, तितकी दुसऱ्या कोणत्या दुखण्याला क्वचितच पडत असेल. पायरी चुकते, पाऊल आत वळते, आणि क्षणापूर्वी धडधाकट असलेला माणूस भिंतीचा आधार शोधू लागतो. हत्ती येऊन गेला! पुढे मुंगीची वाट किती लांब आहे, हे मात्र आपण कधीच मोजीत नाही. चार दिवसांनी सूज उतरली की दुखणे संपले, असे धरून चालतो. हा समज किती चुकीचा आहे हे मी स्वतःच्या पायाने शिकलो. आणि शिकलेले दुसऱ्यास सांगणे हा माझा पेशाच असल्याने ते येथे मांडीत आहे.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवासाठी आमचा झाकडीचा सराव चालला होता. कोकणातली जाखडी आपल्या पूर्वजांबरोबर समुद्र ओलांडून मॉरिशसला गेली, तेथे उसाच्या मळ्यांत तिची झाकडी झाली, आणि आता ती आमच्याबरोबर अमेरिकेतही आली आहे. चाळिशी उलटलेली असूनही तरुणांच्या बरोबरीने मी फेर धरला होता. एका उडीच्या अखेरीस माझे पाऊल शेजाऱ्याच्या पावलाच्या कडेवर पडले, आत वळले, आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी तटकन् तुटल्यासारखे वाटले. क्षणात सगळे भोवती जमले. एक काका म्हणाले, "बसू नकोस, चालून टाक; पाय मोकळा होईल." दुसऱ्यांनी गरम तेल मागवून चोळायला घेतले. एका मावशींनी तर, "इथे कोणी पायाळू आहे का?" अशी चौकशी चालविली. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्या पायाळू माणसाचा पाय लागला की उसण आणि लचक जाते, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे; चार पिढ्या आणि दोन महासागर ओलांडून ती तेथे हजर झालेली पाहून दुखण्यातही मला हसू आले.

पायाळू कोणी भेटला नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी पट्टी गुंडाळून शाळेत गेलो, आणि नवव्या दिवशी उत्सवात नाचलोही. टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्यांची किंमत मला त्या हिवाळ्यात चुकवावी लागली. सपाट रस्त्यावर तोच पाय तीन वेळा मुरगळला. त्यांतला एकदा शाळेच्या जिन्यावर, हातांत मुलांच्या वह्यांचा गठ्ठा असताना. शेवटी व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी विचारले, "पहिल्या वेळी किती दिवस थांबलात?" मी काहीशा अभिमानानेच म्हणालो, "एकही दिवस नाही." त्यांनी मान हलविली आणि काहीतरी टिपून घेतले. माझा अभिमान त्यांच्या वहीत आजाराचे कारण म्हणून नोंदला गेला, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

सोसण्याचा असा अभिमान केवळ आपलाच नव्हे. २३ जुलै १९९६ रोजी अटलांटा येथील ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात केरी स्ट्रग ही अठरा वर्षांची अमेरिकन मुलगी घोड्यावरच्या पहिल्या उडीत पडली आणि तिचा डावा घोटा जायबंदी झाला. तशाच पायाने ती पुन्हा धावली, दुसरी उडी मारली, क्षणभर दोन्ही पायांवर टेकून एका पायावर तोल सावरला, पंचांना अभिवादन केले आणि खाली कोसळली. तिला ९.७१२ गुण मिळाले, संघाला सुवर्णपदक मिळाले, आणि तिला उचलून नेणाऱ्या प्रशिक्षकाचे छायाचित्र जगभर गाजले. परंतु त्याच कथेचा उत्तरार्ध फार थोड्यांना ठाऊक असतो. तिच्या घोट्याचे अस्थिबंध फाटले होते. वैयक्तिक स्पर्धांत तिला उतरता आले नाही. आणि नंतर सर्व संघांचे गुण जुळवून पाहता असे दिसले की, ती दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्णपदक अमेरिकेलाच मिळाले असते. त्या मुलीला हे त्या क्षणी ठाऊक असणे शक्यच नव्हते. तिच्या धैर्याला माझा नमस्कारच आहे. पण सोसलेली प्रत्येक वेदना आवश्यकच होती असे समजणे बरे नव्हे, एवढा बोध तीतून घेता येतो.

आपल्या घराण्यांत हा सोशिकपणा कोठून आला, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. १८३४ पासून पुढच्या सुमारे नऊ दशकांत जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला पोहोचले. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या आजही पाहावयास मिळतात. २००६ साली त्या स्थळाला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. त्या पायऱ्या चढून गेलेल्यांच्या नशिबी मळ्यावर एक जुलमी रीत होती. कामावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. तिला 'डबल कट' म्हणत. ज्या माणसाला एका दिवसाच्या विश्रांतीसाठी दोन दिवसांचे अन्न गमवावे लागते, तो मुरगळलेल्या पायानेच शेतात जाणार, हे उघड आहे. त्याची ती गरज होती. तिला आपण पुढे गुण मानले, आणि मुलानातवंडांना संस्कार म्हणून दिले. "एवढ्याने काय होते?" हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही, असे आपल्यांतील घर विरळाच. पूर्वजांना पर्याय नव्हता. आपल्याला तो आहे, निदान पुष्कळांना आहे. म्हणून या दुखण्याची नीट ओळख करून घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

नडगीचे हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांची खालची टोके मिळून एक खोबण होते, आणि पावलाचे एक हाड तीत खुंटीसारखे बसते. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे उंचवटे म्हणजे त्या खोबणीच्या दोन भिंती होत. हाडाला हाड बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे असतात त्यांना अस्थिबंध म्हणतात. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि बळकट असतो. बाहेरच्या बाजूला तीन बारीक पट्टे असतात. तळवा आत वळून पाऊल दुमडले की सगळा ताण या बाहेरच्या पट्ट्यांवर येतो, आणि त्यांतला पुढचा पट्टा बहुधा सर्वांत आधी हार मानतो. तो केवळ ताणला गेला तर लचक सौम्य, काही अंशी फाटला तर मध्यम, आणि पूर्ण तुटला तर तीव्र समजतात. सौम्य लचक एक ते तीन आठवड्यांत आटोक्यात येते. मध्यम लचकेला तीन ते सहा आठवडे, तर तीव्र लचकेला काही महिने लागतात. सूज उतरल्यानंतरही आतल्या पट्ट्याची घडण कित्येक महिने चालूच असते. हीच ती मुंगीची वाट.

पाय मुरगळल्यावर पहिला प्रश्न असा की, ही लचकच आहे की हाड मोडले आहे? या प्रश्नाचे सुटसुटीत उत्तर १९९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथील डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. घोट्याच्या कोणत्याही उंचवट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटीमीटरांत, हाड दाबल्यावर दुखत असेल. करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाच्या मुळाशी किंवा पावलाच्या आतल्या बाजूस कमानीवरच्या हाडाशी दाबल्यावर दुखत असेल. अथवा इजेनंतर लगेच आणि दवाखान्यात पोहोचल्यावरही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. लंगडत का होईना, पण चार पावले टाकता आली, आणि वरील जागी हाड दुखत नसले, तर मोड असण्याचा संभव फारच थोडा. २००३ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहिले गेले, तेव्हा या नियमाने निर्दोष ठरविलेल्या शंभरांत दोघांपेक्षाही कमी जणांचे हाड मोडलेले आढळले. या देशात दवाखान्याच्या बिलाच्या धास्तीने जाणे टाळणारेही पुष्कळ, आणि किरकोळ दुखण्यासाठी तातडीच्या विभागात रात्र काढणारेही पुष्कळ. दोघांनाही ही चार पावलांची परीक्षा उपयोगी आहे.

मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी या परीक्षेवर विसंबू नये. हाड मोडूनही त्यांना पुरेसे दुखणार नाही. आपल्या समाजात मधुमेह किती घरांत आहे हे सांगावयास नको. तसेच लहान मुले, पाऊल थंड किंवा निळसर पडलेली माणसे, बोटे बधिर झालेली, घोट्याचा आकारच बदललेली किंवा जखम झालेली माणसे यांना विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

आता उपचाराकडे वळू. बर्फ, विश्रांती, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री आपण शाळेच्या मैदानापासून ऐकत आलो. तिची जन्मकथा अमेरिकेतलीच आहे. डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या क्रीडावैद्यकावरील आपल्या पुस्तकात या चार उपायांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून 'राइस' हा शब्द बनविला, आणि तो सर्वत्र रूढ झाला. पुढे २०१४ मध्ये त्याच डॉक्टरांनी जाहीरपणे लिहिले की, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. ज्या सल्ल्याने आपले नाव झाले तोच सल्ला दुरुस्त करण्यास मोठे मन लागते. मुलांसमोर स्वतःची चूक फळ्यावर सुधारणाऱ्या शिक्षकास याची कल्पना येईल. त्यांचे म्हणणे असे की, सूज ही केवळ शत्रू नव्हे. दुरुस्तीचे कारागीर रक्तावाटेच तेथे पोहोचतात. २०१९ मध्ये कॅनडातील ब्लेझ द्युब्वा आणि झाँ-फ्रान्स्वा एस्क्युलिए यांनीही हाच विचार पुढे नेला. सुरुवातीस पायाचे रक्षण करावे, पण नंतर भार, हालचाल आणि व्यायाम यांना मुख्य औषध मानावे, असे त्यांचे सांगणे आहे.

याचा अर्थ बर्फ वर्ज्य, असा मात्र नव्हे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ठणका असह्य झाला तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. तो वेदना कमी करतो, पण पट्टा सांधीत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. बर्फ उघड्या कातडीवर कधीही ठेवू नये. पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवावा. दाबपट्टी बोटांकडून वर गुंडाळावी; बोटे मुंग्या येऊन थंड पडली तर ती लगेच सैल करावी. या दिवसांत गरम शेक, जोराचे चोळणे आणि मद्य टाळावे. हळदीचा किंवा आंबेहळदीचा लेप न चोळता हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही, कातडी फुटलेली नसावी एवढेच. त्यामागच्या मायेने बरे वाटते, पण त्याला उपचाराची जागा देऊ नये. वेदनाशामक गोळ्या, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

सर्वच लचकांना एकच माप लावणेही योग्य नव्हे. इंग्लंडमध्ये तीव्र लचक झालेल्या ५८४ जणांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याखाली दहा दिवस प्लास्टर घातलेल्यांची प्रकृती, साधी नळीसारखी पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा, तीन महिन्यांच्या सुमारास अधिक चांगली होती. नऊ महिन्यांनी मात्र दोहोंत फरक उरला नाही. तात्पर्य, ज्याला पाय टेकवतच नाही त्याला थोडे दिवस पक्का आधार हितावह असतो, आणि ज्याला टेकवतो त्याने अंथरुणाला खिळून राहू नये. सोसत धावणे हे एक टोक, आणि महिनाभर पाय न हलविणे हे दुसरे. बरे होण्याची वाट या दोहोंच्या मधून जाते.

ती वाट कशी चालावी? प्रथम, वेदना परवानगी देईल तितके पाऊल वर-खाली करावे. मग पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे लिहावीत. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी मला इंग्रजी अक्षरे काढावयास सांगितले होते. घरी आल्यावर मी मुळाक्षरे काढली. लहानपणी आजीने परातीत तांदूळ पसरून माझे बोट धरून जी अक्षरे गिरवून घेतली, तीच मी चाळिशीनंतर पायाने गिरवीत होतो. ळ, क्ष आणि ज्ञ यांच्या वळणांत घोटा ज्या ज्या दिशांना फिरतो, तितका तो इंग्रजी अक्षरांत फिरत नाही, असे आपले माझे मत आहे! मुलीला ते पाहून गंमत वाटली, आणि तीही शेजारी बसून पायाने लिहू लागली. जी मुळाक्षरे मी तिला वर्षभर वहीवर शिकवू शकलो नव्हतो, ती तिने त्या पंधरवड्यात शिकून घेतली.

अक्षरांनंतर टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, आणि त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा व्यायाम म्हणजे एका पायावर तोल सांभाळणे. याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. डोळे मिटले तरी आपले पाऊल कसे पडले आहे हे आपल्याला कळते. १९६५ साली फ्रीमन या इंग्रज शल्यवैद्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, लचक भरते तेव्हा ही जाणीव देणारे तंतूही दुखावतात. म्हणून पट्टा सांधला तरी पाऊल पुन्हा पुन्हा दगा देते. उपाय म्हणून त्यांनी डुगडुगणाऱ्या फळीवर तोल साधण्याचा व्यायाम सांगितला. हॉलंडमधील ५२२ खेळाडूंवरील अभ्यासात, आठ आठवडे घरच्या घरी तोलाचे व्यायाम केलेल्यांपैकी २२ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा लचक भरली. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. खर्च काहीच नाही. ओट्याला हात टेकून, भाजी चिरायच्या आधी किंवा दात घासताना, अर्धा मिनिट एका पायावर उभे राहावे. पुढे हात सोडावा, मग उशीवर उभे राहावे, शेवटी डोळे मिटावे. दुखावलेल्या पायावर वेदनेवाचून उड्या मारता येऊ लागल्या, की मगच धावणे आणि नाचणे.

ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. अमेरिकेतील तातडीच्या विभागांच्या नोंदींवरून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोट्याच्या लचकांपैकी जवळजवळ निम्म्या खेळताना झालेल्या आढळल्या, आणि त्यांतही बास्केटबॉलचा वाटा सर्वांत मोठा होता. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या वयात हे प्रमाण सर्वाधिक होते. विस्कॉन्सिन राज्यातील १,४६० शालेय बास्केटबॉल खेळाडूंच्या २०११ सालच्या अभ्यासात, नाडीने बांधण्याचा घोट्याचा आधार वापरणाऱ्यांना घोट्याच्या इजा सुमारे एकतृतीयांशच झाल्या. माझ्या वर्गातील मुलांना मी स्टीफन करीचे उदाहरण देतो. त्याच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे शस्त्रक्रिया झाली. २०११-१२ च्या ६६ सामन्यांच्या हंगामात तो केवळ २६ सामने खेळू शकला. पुढे त्याने कंबर आणि मांड्यांचे बळ वाढवून घोट्यावरचा भार हलका केला, आणि २०१५ व २०१६ मध्ये तोच त्या संघटनेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तो थांबला, शिकला, आणि मग धावला.

शेवटी, ज्यांना थांबणे परवडत नाही त्यांच्याविषयी. सर्व कामगारांना पगारी आजारपणाची रजा देणारा केंद्रीय कायदा या देशात अजूनही नाही. कनेक्टिकट राज्याने २०११ मध्ये असा पहिला राज्य कायदा केला. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांसारख्या राज्यांतही आता तो आहे. ताशी मजुरीवर गोदामांत, उपाहारगृहांत, रुग्णांच्या घरी राबणारे आपले कित्येक बांधव आपल्या राज्यात हा हक्क आहे की नाही याची चौकशीही करीत नाहीत. ती करावी. कामावर पाय मुरगळला तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे. भरपाईचा मार्ग तेथूनच सुरू होतो. डबल कट इतिहासजमा झाला. आपण होऊन तो स्वतःवर लादून घेण्याचे कारण नाही.

गेल्या गणेशोत्सवात मी पुन्हा झाकडीत उतरलो. सरावाच्या तिसऱ्या दिवशी एका तरुणाचा पाय वळला, आणि तो सवयीने म्हणाला, "काही नाही सर, एवढ्याने काय होते?" मी त्याला बाकावर बसविले, पाय उंच ठेवला, आणि थोड्या वेळाने चार पावले टाकावयास सांगितले. ती त्याने टाकली. त्या वर्षी तो नाचला नाही. फेराबाहेर बसून त्याने टाळ वाजविले. यंदा तो नाचणार आहे.